दोन पेट्या, शून्य तक्रारी

मुलांच्या संस्थांचा कारभार तपासणाऱ्या त्या बाईला ऑफिसात समोर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की चाळणी. तिला हे नाव माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. नवरा तर तोंडावरच म्हणायचा. "आज कुणाचे खडे काढायला निघालात, चाळणीबाई?" असं तो सकाळी चहाचा कप पुढे सरकवत विचारायचा, आणि ती पिशवीत फायली कोंबत म्हणायची, "ज्याच्यात असतील त्याचे." अठ्ठावीस वर्षं हेच चाललं होतं. त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

काम काय, तर दर तीन वर्षांनी प्रत्येक संस्थेत जायचं आणि कारभार उकरून बघायचा. समितीच्या बैठका खरंच होतात का नुसत्या घरपोच सह्या घेतात. रात्री मुलांजवळ कोण असतं. बाहेरचं माणूस आत आलं तर त्याची नोंद कोण करतं. आणि एखाद्या पोराला काही सांगायचं असेल तर ते कुणाच्या कानावर पडतं. एवढं सगळं बघून शेवटी एक अक्षर द्यायचं: अ, ब किंवा क. ज्या संस्थेला क, तिथे नवीन मूल पाठवायचं नाही. बाईने आजवर क देताना कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघितलं नव्हतं. रडून कारभार सुधारत नाही, असं तिचं स्पष्ट मत होतं.

त्या शुक्रवारी मात्र मामला जरा नाजूक होता. शेजारच्या गावातलं एक बालगृह बंद पडत होतं आणि तिथल्या एकवीस मुलांना एकत्र सामावून घेईल अशी एकच संस्था होती. सोमवारी सकाळी बस निघणार होती. पण बाईची सही होऊन अहवाल शुक्रवारी पाचच्या आत वर गेला तरच. नाही गेला तर ती एकवीस मुलं सहा ठिकाणी वाटून टाकायची, असं ठरलं होतं. वाटून टाकायची हा शब्दसुद्धा कागदावर तसाच होता, जणू काही पुस्तकंच होती ती.

संस्थेच्या फाटकाशी एक उंच, काडीसारखी मुलगी उभी होती. वय बारा असेल. कानावर पेन्सिल खोचलेली. सगळी तिला पेन्सिलच म्हणतात, हे बाईला नंतर कळलं.

"मावशी, सही झाली का?" पोरीने नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं.

"कसली सही?"

पोरीने मान एका बाजूला वळवली आणि डोळे बारीक करून बाईच्या तोंडाकडे बघितलं. बाईला वाटलं, काय ही पोर, ऐकूनही न ऐकल्यासारखं करते. तिने पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"सोमवारच्या बसची. माझा भाऊ आहे त्याच्यात. सात वर्षांचा आहे. चार वर्षं झाली आम्हाला वेगळं ठेवून."

"आधी मला आत तर जाऊ दे," बाई म्हणाली.

"जा की. मी इथेच आहे," पोरगी म्हणाली, आणि खरंच दिवसभर तिथेच राहिली.

आत संस्थेची अधीक्षिका वाट बघत होती. तिला मुलं मोठी ताई म्हणत. पन्नाशीची, ठेंगणी, पदराने सारखे हात पुसत राहणारी बाई. तीन वर्षांपूर्वी चाळणीबाई इथे आली होती तेव्हा संस्थेला ब मिळाला होता. शिफारशी अकरा होत्या. आज मोठ्या ताईने त्या अकराच्या अकरा पाठ केल्या होत्या, शाळेतल्या पोरीने कविता पाठ करावी तशा.

"सगळ्या पूर्ण केल्यात, मॅडम. एकही सोडली नाही."

आणि खरोखर सोडली नव्हती. बाई खोल्या बघत फिरली. पलंगांमधलं अंतर मोजलं. न्हाणीघरांना आतून कड्या होत्या. रात्रपाळीची वही रोजच्या रोज भरलेली होती. जिन्याजवळच्या भिंतीत स्टीलची तक्रारपेटी बोल्टने घट्ट बसवली होती, कुलूप भक्कम, फट अरुंद, कुणाचा हात आत जाणार नाही अशी. अगदी तिने सांगितलं होतं तशी. आणि तिच्या शेजारी अगदी तशीच दुसरी पेटी. बाईने वहीत लिहिलं, "दुसरी पेटी बसवली, मुलांचा विश्वास वाढल्याचे लक्षण." लिहिताना तिला बरंही वाटलं. आपल्या सांगण्याचा उपयोग होतो असं वाटण्यासारखं सुख नाही.

मग ती समितीच्या बैठकांची बाडं घेऊन बसली. इथे जुना कारकून अक्षर मोत्यासारखं काढायचा. तीन वर्षांत बारा बैठका, आणि बाराही बैठकांत एक कलम शब्दाला शब्द तेच होतं: "किल्लीधारकांकडून एकही तक्रार कळवण्यात आलेली नाही. सबब तक्रारी शून्य."

बाईने ते चार वेळा वाचलं. पाचव्या वेळी तिचं पेन थांबलं.

दोन पेट्या, शून्य तक्रारी. ऐंशी मुलांच्या घरात तीन वर्षांत एकाही पोराला काही म्हणायचं नव्हतं? हिच्या स्वतःच्या घरात दोन माणसं होती आणि दिवसाला चौदा तक्रारी व्हायच्या, त्यातल्या तेरा नवऱ्याच्या घोरण्याच्या. आणि तक्रारी शून्य, तर दुसरी पेटी कशासाठी? शोभेला?

आता बाईचं नाक फुरफुरायला लागलं. हा किल्लीधारक कोण? अध्यक्षांचा मेव्हणा असणार. किंवा इथल्या नर्सचा नवरा. चिठ्ठ्या काढायच्या, गुपचूप चुलीत घालायच्या आणि शून्य म्हणून कळवायचं. असली सोंगं तिने आयुष्यभर पाहिली होती. तिने वहीत "किल्लीधारक" या शब्दाभोवती गोल केला, त्याच्यावर आणखी एक गोल केला आणि तडक अध्यक्षांच्या खोलीत गेली. बाईला राग आला होता हे खरं, पण खोटं कशाला बोला, त्यात थोडी मजाही होती. शिकाऱ्याला वास लागला होता.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. मोठी ताईही तिथेच चहाची व्यवस्था बघत उभी होती.

"सर, एक साधा प्रश्न," बाई म्हणाली. "तीन वर्षांत एकही तक्रार नाही. मग दुसरी पेटी का लावली?"

"पहिली भरली म्हणून," मोठी ताई सहज म्हणाली.

"कशाने भरली?"

"चिठ्ठ्यांनी. दुसऱ्या वर्षी गच्च झाली. मुलं दुमडून दुमडून कोंबायला लागली, फटीतून बाहेर यायला लागल्या. मग समितीने ठराव करून दुसरी आणली."

"आणि या चिठ्ठ्या वाचल्या कुणी?"

मोठ्या ताईने सरांकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "हे आम्हीच तुम्हाला विचारणार होतो."

"मला कशाला? किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. नाव सांगा त्याचं. मी विचारते."

मोठ्या ताईने हातातली कपबशी खाली ठेवली.

"मॅडम, किल्ली तुमच्याकडे आहे," ती म्हणाली.

बाई हसली. चक्क हसली. तिला वाटलं, काय थाप मारतात लोक, निदान जरा पटेल अशी तरी मारा. तोवर सरांनी कपाटातून फाईल काढून तिच्या पुढ्यात उघडली होती. तिचा स्वतःचा तीन वर्षांपूर्वीचा अहवाल, शिफारस क्रमांक सात: तक्रारपेटीची किल्ली संस्थेशी संबंध नसलेल्या बाहेरच्या व्यक्तीकडे असावी. त्याखाली समितीचा ठराव: आमच्या ओळखीत संस्थेशी संबंध नाही असं एकही माणूस नाही, कारण गावातल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी समितीवर आहे. म्हणून किल्ली मूल्यमापन करणाऱ्या मॅडमकडेच सुपूर्द करावी. त्याखाली टपालाची पावती. आणि त्याखाली बाईच्या ऑफिसचं छापील पत्र: "आपण पाठवलेली पूर्तता मिळाली. समाधानकारक."

सही तिची होती.

"पेटी भरली तेव्हाही आम्ही पत्र पाठवलं होतं, दुसऱ्या पेटीची किल्ली त्यातच घालून," सर म्हणाले. "हे त्याचं उत्तर." तेही छापीलच होतं. "आपले पत्र मिळाले. पुढील मूल्यमापनाच्या वेळी विचार करण्यात येईल." त्यावरही तिच्या सहीचा शिक्का.

"कुलूप तोडायचं नव्हतं का?" बाईने विचारलं.

"तुमच्याच नियमात आहे, मॅडम. संस्थेने पेटीला हात लावला तर थेट क."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते बाईने आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं, आणि जरा समाधानानेच पाहिलं होतं. आज तिला खुर्चीचा हात धरावा लागला. आपण चोर शोधायला आलो आणि चोराच्या कपाळावर आपलंच नाव निघालं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ऑफिस गाडीने वीस मिनिटांवर होतं. ती स्वतः गेली. कुणाला फोन करून किल्ली मागवायचं धाडस तिला झालं नाही. मागच्या खोलीतल्या मांडणीवर संस्थेची फाईल जागच्या जागी होती, कारण चाळणीबाईच्या ऑफिसात कागद हरवत नसत. सातव्या शिफारशीच्या पूर्ततेचा कागद, त्याला टाचलेलं छोटं पाकीट, पाकिटावर तिच्या हिरव्या शाईतली बरोबरची खूण. मागे दुसऱ्या किल्लीचं तसंच पाकीट. एकही पाकीट तिने कधी उघडलंच नव्हतं. पहिलं बाहेरून दाबून बघितलं असेल, आत किल्ली आहे असं लागलं असेल, खूण केली असेल आणि पुढची फाईल ओढली असेल. त्या दिवशी तिने पस्तीस फायली निकालात काढल्या होत्या. संध्याकाळी नवऱ्याला फुशारकीने सांगितलंही होतं. हे सगळं तिला आता लख्ख आठवलं.

परत आली तेव्हा अडीच वाजले होते. पेन्सिल फाटकाशीच होती.

"झाली?" तिने विचारलं.

मान खाली घालून बाई आत गेली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ती कुठल्या संस्थेत मान खाली घालून शिरली.

पेट्या उघडल्या तेव्हा चिठ्ठ्या अंगावर सांडल्या. वह्यांची पानं, बिस्किटाच्या पुड्याचा कागद, एक तर झाडाचं वाळलेलं पान, त्यावर खडूने काहीतरी. मोठ्या ताईने चादर पसरली आणि दोघी जमिनीवर बसून वाचायला लागल्या. सर खुर्चीवर बसले, पण त्यांना वाचवेना.

सुरुवातीच्या चिठ्ठ्यांमध्ये उत्साह होता. "पेटीवाल्या मावशी, तुम्ही कशा आहात? आम्ही मजेत आहोत." "वरच्या मजल्यावरचा नळ गळतो, रात्री टपटप आवाजाने मला भीती वाटते." "मावशी, मला कुणी सांगत नाही माझी आई कुठे आहे, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, नसेल तर राहू दे." "मला निळा सदरा नको, सगळे हसतात." एकाने नुसतं लिहिलं होतं, "वाचता का?" आणि खाली चौकोन काढून ठेवले होते, एक हो साठी, एक नाही साठी. खूण करायला जागा सोडली होती पोराने.

"नळ गेल्या वर्षी दुरुस्त केला," मोठी ताई पुटपुटली. "दोन वर्षं टपटपत होता. कुणी बोललंच नाही मला."

"तुम्हाला का नाही बोललं?"

मोठ्या ताईने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बाईला राग परवडला असता.

"आधी बोलायची. रोज संध्याकाळी मी पुढच्या पायरीवर बसायची, तास अर्धा तास. ज्याला यायचं तो यायचा. कुणाचा दात दुखतोय, कुणाचं भांडण, कुणाचं काय. आम्ही पायरीची वेळ म्हणायचो. तुमची आठवी शिफारस बघा, मॅडम. तोंडी तक्रारी ऐकण्याची पद्धत अनौपचारिक आहे, त्यात दबाव येऊ शकतो, ती बंद करून सर्व तक्रारी पेटीतूनच घ्याव्यात. मी बंद केली. आता त्या वेळात मी रजिस्टर भरते."

बाईला ती शिफारस आठवली. वाक्य चांगलं जमलंय असं वाटलं होतं तिला तेव्हा.

मग पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठ्या यायला लागल्या. बाकी मुलं पेनने, खडूने लिहीत, ही पेन्सिलने, बारीक टोकदार अक्षरात. पहिल्या पेटीत एकच विषय: "माझा भाऊ दुसऱ्या गावात आहे. त्याला इथे आणा. तो रात्री कूस बदलताना हात शोधतो." महिन्याला एक, न चुकता. दुसऱ्या पेटीत नवीन विषय सुरू झाला. बाईने त्या चिठ्ठ्या ओळीने लावल्या, तारीख प्रत्येकीवर होती.

"माझा डावा कान दुखतो. नर्सबाई म्हणतात शाळा बुडवायची नाटकं."

"कान अजून दुखतो. थेंब घातले. त्यांनी आत बघितलं नाही."

"कानातून पाणी येतं. वास येतो. म्हणून कुणी शेजारी झोपत नाही."

"मावशी, तुम्ही बाहेरच्या आहात तर बाहेरच्या डॉक्टरला सांगा."

आणि चार महिन्यांपूर्वीची शेवटची: "आता दुखत नाही. आता त्या कानाने ऐकूच येत नाही. म्हणून आता नाही आलात तरी चालेल."

बाईने ती वाचली आणि तिला फाटकाजवळचं ते मान वळवणं आठवलं. तोंडाकडे बघत राहणं आठवलं. ऐकूनही न ऐकल्यासारखं करते, असं आपण मनात म्हटलं होतं, हेही आठवलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मोठी ताई भिंतीला टेकली होती. "माझ्याकडे आली होती ती," ती म्हणाली. "म्हणाली, ताई, नर्सबाई नीट बघत नाहीत. मी म्हटलं, बाळ, माणसाविरुद्ध असेल तर पेटीत टाक, मला ऐकायची परवानगी नाही. असं म्हटलं मी. मला ऐकायची परवानगी नाही. दुखतंय म्हणणाऱ्या लेकराला."

दोघींपैकी कुणीच कुणाला धीर दिला नाही. द्यायला होता कुणाकडे?

चादरीवर तळाशी आणखी एक चिठ्ठी होती, कालच्या तारखेची, तीच पेन्सिल. "पेटीवाल्या मावशी, भावाला सोमवारी आणताय त्याबद्दल आभार. मला वाटलं होतं तुम्ही वाचत नाही. तो आला की त्याला सांगेन, पेटीत लिहिलं की काम होतं. फक्त वेळ लागतो."

चार वाजायला आले होते. सरांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

"मॅडम, मी सरळच बोलतो. पेटी आज उघडली, तक्रारी आज मिळाल्या, कार्यवाही आजपासून सुरू, असं लिहा. त्यात खोटं काहीच नाही. मुलीला उद्याच कानाच्या डॉक्टरकडे नेतो, नर्स बदलतो. किल्ली कुणाकडे होती हे कागदावर आलं नाही तर कुणाचं काय बिघडतं? तुमचं नाव राहतं, आमचा ब राहतो, आणि सोमवारी बस येते. त्या पोरीचा भाऊ येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खरी गोम इथेच होती. खरं लिहिलं तर क कुणाला? चूक संस्थेची नव्हती, हिची होती. आणि जिने स्वतः चूक केली तिने त्याच कामाला अ, ब, क देऊन चालत नाही. तिची सही बाद. म्हणजे दुसरा माणूस येणार, कधी येणार देव जाणे, आणि बस सोमवारी निघणार नाही. शेवटी शिक्षा भोगणार कोण, तर तीच पोरगी, जिचा एक कान आधीच गेला. बाईने आयुष्यात पहिल्यांदा अहवालाच्या कागदाकडे असं बघितलं, की त्याच्यावर खोटं लिहिणं हीच माणुसकी असावी.

तिने पेन उघडलंही. मग तिची नजर त्या दोन रिकाम्या चौकोनांवर पडली. वाचता का? हो. नाही. आणखी तीन वर्षांनी कुणी येईल, हा अहवाल काढेल, सगळं आलबेल आहे म्हणेल, खूण करेल. एकवीस नवीन पोरं असतील तोवर या घरात, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे तिचा वरिष्ठ, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिने सगळं सांगितलं, किल्लीपासून कानापर्यंत, एकही शब्द न गिळता.

"मॅडम, तुम्ही?" एवढंच तो आधी म्हणाला. त्यालाही धक्का बसला होता. मग म्हणाला, "म्हणजे तुमची सही चालणार नाही आता."

"म्हणूनच फोन केला. उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

"उद्या शनिवार आहे."

"मला माहीत आहे उद्या काय आहे. मुलांना शनिवार-रविवार कळत नाही. आणि तोवर ती एकवीस मुलं वाटू नका, आहेत तिथे एकत्र ठेवा. लेखी मागते आहे मी."

"बघतो," साहेब म्हणाला.

बघतो हा शब्द तिने स्वतः हजारदा वापरला होता. त्याचं वजन किती असतं, ते तिला माहीत होतं. तिने अहवालाचा कागद ओढला, जबाबदार व्यक्ती या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, श्रेणीचा रकाना मोकळा सोडला आणि तो सरांच्या पुढे सरकवला. सरांनी वाचून मान हलवली, पण अडवलं नाही.

पेन्सिल आता फाटकाजवळून उठून पुढच्या पायरीवर येऊन बसली होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसली. गुडघे कुरकुरले. समोर रिकामं मैदान होतं, तिथे दोन मुलं चेंडू भिंतीवर मारत होती. बाईने त्यांच्याकडे बघतच बोलायला सुरुवात केली, कारण पोरीच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

तिने सगळं सांगितलं. किल्ली माझ्याकडे होती. तीन वर्षं. मी पाकीट उघडलंच नाही. तुझी एकही चिठ्ठी मी आजच्या आधी वाचली नाही. भावाला मी आणत नव्हते, ते बालगृह बंद पडतंय म्हणून तो येणार होता. आणि आता माझी सही चालत नाही, म्हणून सोमवारचं मला सांगता येत नाही. तुझ्या कानाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. मला माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही, तरी म्हणते. बोलता बोलता तिचा आवाज फुटला, आणि ती थांबली.

पोरगी चेंडू बघत बसली होती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की बाईचे खांदे हलताहेत. तिने वळून बघितलं.

"मावशी, तुम्ही बोलत होतात का?" ती म्हणाली. "या बाजूला या. त्या बाजूचं मला येत नाही ऐकायला."

बाई उठली. पायरीला वळसा घालून पोरीच्या उजव्या बाजूला आली, बसली, आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी तोंडाकडे बघून. दुसऱ्यांदा ते लहान झालं. माझी लायकी नाही वगैरे सगळं गळून पडलं, नुसतं घडलेलं तेवढं उरलं.

पेन्सिल रडली नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे कालची चिठ्ठीसुद्धा आज वाचली?"

"आज."

"आणि भाऊ?"

"माहीत नाही. सांगितलंय वर. बघतो म्हणालेत."

पोरीने कानावरची पेन्सिल काढली. खिशातून वहीचा चुरगळलेला कागद काढला, गुडघ्यावर सपाट केला आणि लिहायला लागली. लिहून झाल्यावर सवयीने त्याच्या चार घड्या घातल्या, उठली, जिन्याकडे दोन पावलं गेली. तिथे भिंतीत दोन्ही पेट्या सताड उघड्या, रिकाम्या दिसत होत्या. ती क्षणभर थांबली. मग मागे फिरली आणि घडी बाईच्या हातात दिली.

"इथेच वाचा," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मोठ्याने."

आणि आपला उजवा कान बाईकडे करून बसली. बाईने घडी उलगडली आणि वाचायला लागली.

"माझ्या भावाला दुसरीकडे पाठवू नका. कानाचं नंतर बघा."